सभा कुणाच्या घरी? एका सूचनेतल्या न दिसणाऱ्या कर्त्याचा अभ्यास

जिन्याखालच्या फळ्यावर शुक्रवारी संध्याकाळी एक सूचना लागली. खजिनदारकाकांच्या वळणदार अक्षरातली, तीन ओळींची:

"पाण्याच्या टाकीच्या गळतीबाबत रविवारी सकाळी दहा वाजता सभा आहे. अध्यक्षांनी चिटणिसांना आपल्या घरी सभा घ्यायला सांगितले आहे. सर्वांनी वेळेवर यावे."

आमच्या सोसायटीला सभागृह नाही, त्यामुळे सभा कुणाच्या तरी घरीच होते. रविवारी दहा वाजता निम्मे सभासद पहिल्या मजल्यावर अध्यक्षांच्या दारात उभे होते आणि निम्मे तिसऱ्या मजल्यावर चिटणिसांच्या दिवाणखान्यात बसले होते. दोन्हीकडे "बाकीचे का नाही आले अजून?" हीच चर्चा चालली होती. ज्यांना सूचनेची प्रत घरपोच दिली होती त्यांपैकी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर आदल्या रात्रीच फोन करून विचारलं होतं, "अहो, आमच्याकडे कशी सभा ठेवलीत? घरात बाळंतीण आहे." सगळे एका ठिकाणी जमेपर्यंत पाऊण तास गेला. टाकीचा खर्च सांगायला बोलावलेला प्लंबर दुसरं काम होतं म्हणून निघून गेला आणि दुरुस्ती आठवडाभर लांबली.

मग बोल लागला तो खजिनदारकाकांना. "साधं मराठी वाक्य नीट लिहिता येऊ नये?" असं एक जण सगळ्यांसमोर म्हणाले. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर बँकेत पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस. मला ते फार लागलं, कारण मी भाषाविज्ञान शिकवते आणि मला दिसत होतं की काकांच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पहिल्या मजल्यावर गेलेल्यांनी ते बरोबर वाचलं होतं, तिसऱ्या मजल्यावर गेलेल्यांनीही बरोबरच वाचलं होतं, आणि आजींचंही चुकलं नव्हतं. एका निर्दोष वाक्याचे इतके अर्थ होतात, ते नेमके एवढेच का होतात आणि एखादा पाचवा अर्थ का होत नाही, हे समजून घ्यायचं असेल तर त्या वाक्याच्या गहनरचनेत, म्हणजे ऐकू येणाऱ्या शब्दांखालच्या रचनेत उतरावं लागतं. मंगळवारी मी ते वाक्य एम. ए.च्या वर्गात फळ्यावर लिहिलं. पुढे जे मांडते आहे त्यातलं बरंचसं त्या दोन तासांत घडलेलं आहे.

सुरुवात आपल्या शालेय व्याकरणापासून करू. "अध्यक्षांनी चिटणिसांना आपल्या घरी सभा घ्यायला सांगितले आहे." पूर्ण क्रियापद एकच, म्हणून हे केवलवाक्य. "अध्यक्षांनी" तृतीया, "चिटणिसांना" द्वितीया किंवा चतुर्थी, "घ्यायला" धातुसाधित, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. प्रयोग विचारला तर विद्यार्थी भावे म्हणून मोकळा होईल. या पृथक्करणात खोटं काही नाही. अडचण एवढीच की पहिल्या मजल्यावरच्या वाचकासाठी केलं तरी ते हेच येतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाचकासाठी केलं तरी हेच. शब्द तेच, विभक्ती त्याच, प्रयोग तोच. ज्या मोजपट्टीवर दोन्ही अर्थ सारखेच दिसतात, त्या मोजपट्टीने त्यांच्यातला फरक मोजता येणार नाही.

म्हणून प्रश्न बदलायचा. वाक्यात पूर्ण क्रियापदं किती, असं न विचारता क्रिया किती, असं विचारायचं. त्या दोन आहेत: सांगणं आणि घेणं. सांगण्याला तीन गोष्टी लागतात: कोण सांगतं, कुणाला, आणि काय. घेण्याला दोन: कोण घेतं आणि काय. आता वाक्यात उच्चारलेली नामं मोजा. सांगणारे अध्यक्ष, ज्यांना सांगितलं ते चिटणीस, घ्यायची ती सभा. मग सभा घेणारा कुठे आहे? शब्दांत तो नाही. तरीही, दोन मजल्यांवर विभागलेल्या आमच्या सभासदांत याबद्दल काडीचाही मतभेद नव्हता. सभा घेणार चिटणीसच, हे प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. भांडण घर कुणाचं यावर होतं, घेणारा कोण यावर नाही.

न उच्चारलेल्या शब्दाबद्दल अख्ख्या इमारतीचं एकमत कसं होतं? याचं उत्तर असं की ऐकू येणाऱ्या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य आहे, आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात पूर्ण उभं राहतं:

अध्यक्षांनी चिटणिसांना सांगितले [चिटणीस – आपल्या घरी – सभा घेणे]

कंसातलं "चिटणीस" वरच्या थरावर येत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६५ साली जी मांडणी केली तिच्यात या दोन थरांना वेगळी नावं मिळाली. ज्या थरावर कोण कुणाचा कर्ता, कोण कुणाचं कर्म ही नाती पूर्ण असतात ती गहनरचना, आणि तिच्यावर लोप, स्थानबदल असे नियम लागून जे बाहेर पडतं ती पृष्ठरचना. मराठीत कुणी आंतररचना आणि बाह्यरचना असंही लिहितं. त्यांनी तिथे इंग्रजीतल्या 'पर्स्वेड' (मन वळवणं) आणि 'एक्स्पेक्ट' (अपेक्षा करणं) या क्रियापदांची वाक्यं शेजारी ठेवून दाखवलं होतं, की वरून एकाच साच्यातली दिसणारी वाक्यं आत वेगळी असू शकतात. आपल्याला त्यासाठी इंग्रजीकडे जायची गरज नाही. काकांच्या वाक्यातला फक्त शेवट बदलून पाहा:

"अध्यक्षांनी चिटणिसांना आपल्या घरी सभा घ्यायचे वचन दिले."

आता सभा घेणार कोण? अध्यक्ष. अध्यक्ष तिथेच, चिटणीस तिथेच, घर आणि सभाही तिथेच, पण आतल्या वाक्याचा कर्ता बदलला. सांगणं, सुचवणं, शिकवणं, भाग पाडणं या क्रियापदांखाली आतला कर्ता म्हणजे ज्याला सांगितलं तो. वचन देणं, कबूल करणं यांखाली आतला कर्ता म्हणजे बोलणारा. आता घराकडे बघा. या दुसऱ्या वाक्यात "आपल्या घरी"चा अर्थ चिटणिसांच्या घरी असा होऊ शकतो का? वर्गात आम्ही सगळ्यांनी ते वाक्य पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. होत नाही. ही सूचना लागली असती तर तिसऱ्या मजल्यावर कुणीच गेलं नसतं.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. "आपला" हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो. "अध्यक्षांनी चिटणिसांना आपली वही दाखवली" या वाक्यात वही अध्यक्षांची. चिटणिसांची म्हणायची असेल तर "त्यांची" किंवा सरळ "चिटणिसांची" म्हणावं लागतं. मग मूळ सूचनेत "आपल्या" हा शब्द चिटणिसांकडे कसा काय बोट दाखवू शकला? तिथे तर ते "चिटणिसांना" आहेत, कर्ता नाहीत. याचं कारण आतल्या वाक्यात ते पुन्हा एकदा आहेत, आणि तिथे ते कर्ता आहेत. "वचन दिले" म्हटलं की ते आतलं कर्तेपद त्यांच्याकडून जातं आणि त्यासरशी घरही जातं. न दिसणारा कर्ता हलवला की दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ हलतो.

वर्गात एका विद्यार्थ्याने इथे मला अडवलं, आणि बरं झालं अडवलं. तो म्हणाला, "मॅडम, सभा कोण घेणार हे आपल्याला अर्थावरून कळतं. त्यासाठी वाक्याच्या रचनेत एक अदृश्य शब्द बसवायची गरज काय?" शंका रास्त आहे. अर्थावरून कळणाऱ्या अनेक गोष्टी आपण रचनेत घालत नाही. सभेला खुर्च्या लागतील हेही कळतं, म्हणून खुर्च्या काही गहनरचनेत येत नाहीत. अदृश्य शब्द खरोखर रचनेत आहे असं म्हणायचं तर त्याचा ठसा एखाद्या दृश्य शब्दाच्या रूपावर उमटलेला दाखवला पाहिजे. मराठीत तो दाखवता येतो, आणि मला हा पुरावा फार आवडतो:

"वडिलांनी मुलीला एकटीने जायला सांगितले."
"वडिलांनी मुलीला एकट्याने जायचे वचन दिले."

"एकटीने" स्त्रीलिंगी, "एकट्याने" पुल्लिंगी. उलटापालट करून बघा. "वडिलांनी मुलीला एकट्याने जायला सांगितले" हे कानाला खटकतं आणि "मुलीला एकटीने जायचे वचन दिले" हे त्याहून जास्त. हे लिंग कुठून आलं? पहिल्या वाक्यात मुलीकडून आलं म्हणावं, तर "मुलीला" हे रूप "ला"चं आहे आणि "एकटीने" हे "ने"चं. वरच्या "मुलीला"शी ते जुळलेलं असतं तर "एकटीला" झालं असतं, आणि "वडिलांनी मुलीला एकटीला जायला सांगितले" असंही आपण म्हणतोच. पण "एकटीने" हे "ने" घेतलेलं रूप जुळायला "मुलीने" हा शब्द हवा आणि तो वर कुठेच नाही. तो आत आहे: [मुलीने – एकटीने – जाणे]. कर्ता स्वतः गप्प राहतो, पण आपलं लिंग शेजारच्या शब्दावर सोडून जातो. फळ्यावर हे मांडल्यावर तो विद्यार्थी बराच वेळ वहीत वेगवेगळी वाक्यं करून बघत होता.

दुसरा पुरावा "ऊन" लागलेल्या धातुसाधितांचा. "अध्यक्षांनी चिटणिसांना वर जाऊन किल्ली दिली." वर कोण गेलं? अध्यक्षच. "अध्यक्षांनी चिटणिसांना वर जाऊन सभा घ्यायला सांगितले." आता वर कोण जाणार? अध्यक्ष वर गेले आणि तिथे त्यांनी सांगितलं, असंही होतं, आणि चिटणिसांनी वर जावं आणि सभा घ्यावी, असंही होतं. "ऊन"वाल्या क्रियेचा कर्ता मुख्य क्रियेच्या कर्त्याशी एकच असावा लागतो. पहिल्या वाक्यात कर्ता एक, म्हणून अर्थ एक. दुसऱ्यात कर्ते दोन, एक वर आणि एक आत, म्हणून अर्थही दोन.

हा "एकच कर्ता" असण्याचा नियम पाणिनीने संस्कृतसाठी सांगून ठेवला आहे: "समानकर्तृकयोः पूर्वकाले" (अष्टाध्यायी ३.४.२१). "भुक्त्वा व्रजति" (जेवून जातो) यातल्या जेवणाऱ्याचा वेगळा उल्लेख नसतो, तरी पाणिनी त्याला कर्ता धरून नियम करतो. इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदांबरोबर "भोक्तुम्" (जेवायला) यासारखं रूप कधी वापरायचं, याची अटही तीच: दोन्ही क्रियांचा कर्ता समान हवा (३.३.१५८). न उच्चारलेल्या कर्त्याला व्याकरणात मोजलं पाहिजे ही जाणीव आपल्याकडे इतकी जुनी आहे. पाणिनी कारक आणि विभक्ती हे दोन वेगळे थर मानतो. क्रियेशी असलेलं नातं ते कारक, आणि ते नातं दाखवणारा प्रत्यय ती विभक्ती. पॉल किपार्स्की आणि फ्रिट्स स्टाल या अभ्यासकांनी १९६९ मध्ये एका लेखात या थरांची तुलना चॉम्स्कींच्या थरांशी केली होती. ती तुलना फार ताणू नये असं मला वाटतं, कारण कारकं म्हणजे वाक्यवृक्ष, म्हणजे वाक्याच्या भागांची फांद्याफांद्यांची आकृती, नव्हेत. पण प्रत्यय पाहून नातं ठरवायचं नाही, हा धडा दोन्हीकडे आहे.

तो धडा मराठीला विशेष लागू पडतो. "चिटणिसांना आपलं घर आवडतं" हे वाक्य घ्या. "चिटणिसांना" हे रूप सूचनेतल्यासारखंच, पण इथे "आपलं" थेट त्यांच्याकडे बोट दाखवतं. क्रियापद मात्र घराशी जुळतं आहे. आवडणं, आठवणं, भूक लागणं, राग येणं अशा क्रियापदांबरोबर "ला" लागलेलं नाम कर्त्याची कामं करतं. पाणिनीनेही रुचणं या अर्थाच्या धातूंसाठी वेगळं सूत्र केलं, "रुच्यर्थानां प्रीयमाणः" (१.४.३३). "देवदत्ताय रोचते मोदकः" (देवदत्ताला मोदक आवडतो) यात ज्याला आवडतं त्याला त्याने संप्रदान, म्हणजे ज्याला दिलं जातं त्याचं कारक, म्हटलं, कर्ता नाही. "आपला" आणि "ऊन" यांच्या कसोट्या लावल्या तर मराठीत आपल्याला थोडं पुढे जावं लागतं. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून इथेच थांबते. "ला" दिसला की कर्ता नाही आणि "ने" दिसला की कर्ता, हे सूत्र या सूचनेसाठी पुरणार नव्हतं, एवढंच मला दाखवायचं होतं.

आता मूळ वाक्याचे अर्थ एकेक करून मांडता येतात. तिसऱ्या मजल्यावर गेलेल्यांनी "आपल्या"ची गाठ आतल्या कर्त्याशी मारली आणि चिटणिसांचं घर मिळवलं. पहिल्या मजल्यावर गेलेल्यांनी ती गाठ बाहेरच्या कर्त्याशी, अध्यक्षांशी मारली. मराठीत "आपण" इतक्या लांब जाऊ शकतो. "अध्यक्षांना वाटते की चिटणिसांनी आपल्याला फसवले" यात फसवले गेलेले अध्यक्ष असू शकतात, मध्ये पूर्ण क्रियापदाची भिंत असूनही. त्या जागी "स्वतःला" घाला. "चिटणिसांनी स्वतःला फसवले" असा आतल्या आतच अर्थ लागतो. भाषाशास्त्रज्ञ काशी वली यांनी मराठीतल्या "आपण" आणि "स्वतः" या जोडीच्या अशा वागण्यावर महत्त्वाचं काम केलेलं आहे, आणि जगभर या विषयाच्या चर्चेत मराठीची उदाहरणं येतात. काकांनी "स्वतःच्या घरी" लिहिलं असतं तर? माझ्या कानाला तरी चिटणिसांचं घर आधी ऐकू येतं, पण दुसरा अर्थ पूर्ण बंद होत नाही.

तिसरा अर्थ त्या दिवशी कुणी लावला नाही, पण वाक्यात तो आहे: अध्यक्षांनी स्वतःच्या घरी बसून चिटणिसांना सांगितलं, की सभा घ्या. यात "आपल्या घरी" हे शब्द आतल्या वाक्यात नाहीतच, ते बाहेरच्या "सांगितले"ला जोडलेले आहेत. हा फरक नुसत्या बोट दाखवण्याचा नाही, फांदी कुठे फुटते याचा आहे. शब्दक्रम बदलून तो तपासता येतो. "चिटणिसांना सभा घ्यायला अध्यक्षांनी आपल्या घरी सांगितले" म्हटलं तर सांगण्याची जागा एवढाच अर्थ उरतो. "आपल्या घरी सभा घ्यायला अध्यक्षांनी चिटणिसांना सांगितले" म्हटलं की आतलं वाक्य सगळंच्या सगळं उचलून पुढे आणल्यासारखं होतं, आणि घर सभेचंच वाटतं. एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं, की या शेवटच्या वाक्यात "आपल्या" सर्वांत आधी येतो आणि ज्यांच्याकडे तो बोट दाखवतो ते अध्यक्ष आणि चिटणीस दोघंही नंतर येतात, तरी दोन्ही अर्थ शाबूत राहतात. "म्हणजे आधी-नंतरला किंमतच नाही," ती म्हणाली. खरं आहे. "आपल्या"चा अर्थ तो कानावर कधी पडतो यावर ठरत नाही, मुळात तो कुणाच्या छायेखाली होता यावर ठरतो. गहनरचनेची कल्पना मला समजावून सांगायची असेल तर मी आता हेच वाक्य सांगेन.

आजींचा चौथा अर्थ या तिघांच्या पंक्तीतला नाही. त्यांनी "आपल्या" म्हणजे वाचणाऱ्याच्या, आदरार्थी "तुमच्या" असं घेतलं. हातात दिलेल्या कागदावर "आपल्या" असं वाचून तसं वाटणं स्वाभाविक होतं. मराठीत "आपण" हा शब्द स्वतः, आदराने तुम्ही, आणि बोलणारा धरून ऐकणाऱ्यासह सगळे, अशी तीन कामं करतो. ही संदिग्धता शब्दाची, रचनेची नव्हे. कितीही खोल गेलं तरी ती वाक्यवृक्षात सापडणार नाही, ती कोशात सापडेल.

इथे सिद्धांताच्या इतिहासातला एक पेच मांडायला हवा, कारण तो या प्रकरणात थेट शिरतो. साठच्या दशकातल्या पद्धतीने गहनरचना लिहिली तर आत "चिटणीस" हे नाम खरोखर दुसऱ्यांदा लिहायचं, आणि वरच्या नामाशी ते सारखं आहे म्हणून ते खोडायचं. तसंच एका अर्थासाठी "चिटणिसांच्या घरी", दुसऱ्यासाठी "अध्यक्षांच्या घरी" असं लिहायचं आणि दोन्हींचं "आपल्या घरी" करायचं. म्हणजे दोन अर्थांना दोन गहनरचना. दिसायला हे फार नेटकं आहे, पण टिकत नाही. "प्रत्येक सभासदाला अध्यक्ष व्हायचे आहे" या वाक्यावर ही रीत वापरा. आत पुन्हा "प्रत्येक सभासद" लिहून तो खोडला, तर मूळ अर्थ होतो: प्रत्येक सभासदाला वाटतं की प्रत्येक सभासदाने अध्यक्ष व्हावं. असं आमच्या सोसायटीत कुणालाच वाटत नाही. "प्रत्येकाला आपलं घर आवडतं" म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं घर आवडतं असंही नाही. म्हणजे आत बसलेली गोष्ट वरच्या नामाची नक्कल नव्हे. ते एक निःशब्द सर्वनाम आहे, ज्याला स्वतःचं नाव नाही आणि जे वरच्या नामाला बांधलेलं आहे. पुढे ऐंशीच्या दशकातल्या मांडणीत हेच मान्य झालं. या रीतीने पाहिलं तर पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या अर्थांची रचना एकच आहे, फक्त "आपल्या"ची गाठ वेगळ्या ठिकाणी आहे. सांगण्याच्या जागेचा अर्थ मात्र खरोखर वेगळ्या रचनेचा. मी याच बाजूची आहे.

नव्वदच्या दशकात चॉम्स्कींनी गहनरचना हा स्वतंत्र थरच काढून टाकला. हे ऐकलं की विद्यार्थी विचारतात, मग आम्ही हे शिकतो कशाला? थर गेला, पण ज्या कारणांसाठी तो मानला होता ती कारणं गेली नाहीत. "एकटीने"मधलं स्त्रीलिंग अजूनही कुठून तरी यावंच लागतं. ते कुठून येतं हे सांगण्याची यंत्रणा बदलली, एवढंच.

शनिवारी मी खजिनदारकाकांकडे गेले. मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: त्यांनी मुळात "त्यांच्या घरी" का लिहिलं नाही? काकांनी सांगितलं की अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, "चिटणिसांना सांगितलंय मी, तुमच्याकडेच घ्या म्हणून." कागदावर उतरवताना काकांनी आधी "त्यांच्या घरी" असंच लिहिलं होतं. मग वाचून बघताना त्यांना वाटलं, असं लिहिलं तर लोक अध्यक्षांचं घर समजतील. म्हणून खोडून "आपल्या" केलं.

मी थक्क झाले. त्यांचं वाटणं तंतोतंत बरोबर होतं. प्रमाण लेखनात "त्याच्या, त्यांच्या" हे शब्द आपल्याच वाक्याच्या कर्त्याकडे जायला नाखूश असतात. बोलण्यात हे आता बरंच सैल झालं आहे, पण जुन्या वळणाच्या लिहिणाऱ्याला ते बोचतं. आतल्या वाक्याचा कर्ता चिटणीस, म्हणून "त्यांच्या" त्यांच्यापासून दूर सरकतो आणि अध्यक्षांवर जाऊन बसतो. तो धोका काकांना जाणवला आणि तो टाळायला त्यांनी कर्त्याकडे जाणारा शब्द निवडला. आतल्या, शब्दात नसलेल्या कर्त्याचा विचार त्यांनी केला होता. निसटला तो बाहेरचा कर्ता, जो ठळक अक्षरात वाक्याच्या सुरुवातीलाच होता. मी त्यांना हे कागदावर काढून दाखवलं, कंस आणि बाण घालून. ते चष्मा काढून बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "म्हणजे ताई, मी चुकीचं लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही काका. फक्त मराठीत त्या जागी पुरेसा शब्दच नाही. तिथे नावच घालावं लागतं."

"की" घालून मिश्रवाक्य केलं तर सुटेल का, हेही त्यांनी विचारलं. "अध्यक्षांनी सांगितले की चिटणिसांनी आपल्या घरी सभा घ्यावी." यात आतला कर्ता बाहेर येऊन बसतो आणि वाचणारा बहुधा चिटणिसांच्या घरी जातो. पण "आपण" भिंत ओलांडतो हे आपण पाहिलंच. पाऊण तास वाचवायचा असेल तर यावरही भरवसा ठेवता येत नाही.

पुढच्या सभेची सूचना त्याच संध्याकाळी लागली: "सभा चिटणिसांच्या घरी, तिसरा मजला." दोन दिवसांनी सकाळी काका पुन्हा माझ्या दारात उभे होते. हातात कच्चा कागद, कानावर पेन्सिल. त्यावर लिहिलं होतं, "अध्यक्षांनी प्लंबरला टाकी तपासून खर्च कळवायला सांगितले आहे." "तपासून"खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या, एक बाण अध्यक्षांकडे आणि एक प्लंबरकडे नेला होता.

"बघा," ते म्हणाले, "टाकीवर कोण चढणार, ते यात लिहिलेलंच नाही."